शनिवार-रविवारी इथे मुलांना घेऊन जायचं कुठे? (व्हर्नन काउंटी, विस्कॉन्सिन)

गोदाकाठची

नमस्कार. फेब्रुवारीत आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनहून विस्कॉन्सिनच्या व्हर्नन काउंटीत राहायला आलो. नवऱ्याला इथे नोकरी मिळाली, माझं काम घरूनच चालतं. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहाचा. जूनमध्ये नाशिकहून आई येणार आहे, ती चार-पाच महिने राहील.

एडिसनला शनिवार कधी रिकामा गेला नाही. मराठी शाळा, देऊळ, कुणाचं बारसं, कुणाची पूजा. इथे अख्ख्या काउंटीत तीसएक हजार माणसं. शनिवारी सकाळी खिडकीतून बघितलं की टेकडी, गोठा, आणि मधूनच मोटारी न वापरणाऱ्या अमिश पंथाच्या लोकांची एखादी घोडागाडी जाते. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण दुपारी तीन वाजता मुलं विचारतात, "आता काय?" आणि माझ्याकडे उत्तर नसतं. मग आम्ही पाऊण तास गाडी हाकत ला क्रॉस शहरात जातो, मॉलमध्ये फिरतो आणि परत येतो. गेले सहा शनिवार हेच चाललंय.

फोनवर शोधलं तर दोन-चार नावं येतात, त्यातलीही निम्मी मागच्या वर्षीची. इथे राहणारं किंवा अशा ग्रामीण काउंटीत राहिलेलं कुणी आहे का? शनिवार-रविवारी इथली माणसं करतात तरी काय? आईलाही कुठे नेता येईल असं काही असेल तर फार बरं होईल. ती इंग्रजी बोलत नाही.

आयोवातली_आई

मी शेजारच्या राज्यात, अशाच एका काउंटीत सात वर्षं आहे. दोनच गोष्टी सांगते, बाकी तिथलं कुणीतरी सांगेल.

गावच्या लायब्ररीचं कार्ड काढलं नसेल तर उद्याच काढा. पुस्तकांसाठी काढाच, पण त्याहून जास्त तिथल्या बाईंशी ओळख व्हावी म्हणून काढा. गावात काय चाललंय हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. उन्हाळी वाचनाच्या उपक्रमात दोन्ही मुलांची नावं घाला.

दुसरं, फोनवर शोधू नका. कागद शोधा. पशुखाद्याचं दुकान, पोस्ट, पेट्रोल पंपाच्या दारातला फलक, घरपोच येणारं फुकट साप्ताहिक. आमच्याकडचे निम्मे कार्यक्रम फक्त कागदावर असतात. ज्यांना कळायला हवं त्यांना ते आधीच माहीत असतात, म्हणून इंटरनेटवर टाकायचं कुणाच्या मनातही येत नाही.

वळणवाट

गोदाकाठची, मी तुमच्याच काउंटीत आहे. व्हिरोक्वा गावाजवळच्या एका टेकडीच्या माथ्यावर, 2016 पासून. माहेर सातारा जिल्ह्यातलं, पाटण तालुका. इथल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. तुमचे सहा शनिवार वाचून पोटात कालवलं, कारण मी असे दोन वर्षं काढलेत.

त्या दोन वर्षांत मी कार्यक्रमांना गेले नाही असं नाही. गेले. पहिल्या सप्टेंबरला काउंटीच्या जत्रेलाही गेलो. मुलांना पाळण्यात बसवलं, तळलेले चीज कर्ड्स खाल्ले, दोन तासांत घरी. वाटलं, झालं, बघितली जत्रा. नंतर कळलं की आम्ही जत्रेच्या फक्त अंगणात उभे होतो, आत पाऊलच टाकलं नव्हतं.

आमच्यासाठी दार उघडलं ते पुरानं. 2018 च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्रीत असा पाऊस कोसळला की काउंटीतली दोन छोटी धरणं फुटली आणि कून व्हॅलीत घराघरात चिखल शिरला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजींनी दार वाजवलं आणि म्हणाल्या, "सकाळी सहाला निघतेय, सँडविच करायला हात कमी आहेत." मी गेले. दिवसभर पावाला लोणी लावलं. संध्याकाळपर्यंत वीस-बावीस बायकांची नावं मला माहीत झाली होती आणि त्यांना माझं. पुढच्या महिनाभरात मला चार ठिकाणची बोलावणी आली आणि प्रत्येक बोलावणं कसल्या ना कसल्या कामाचं होतं.

म्हणून तुम्हाला एकच सांगणं आहे. इथे "कुठे बघायला जाऊ?" असं विचारू नका. "कुठे हात लावू?" असं विचारा. इथल्या शनिवार-रविवारी जे काही असतं ते माणसं स्वतः मिळून करतात. पाहुणे म्हणून गेलात तर दोन तासांत संपतं. कामाला गेलात तर वर्षभर पुरतं.

आता वर्षाचं सांगते, जसं आठवेल तसं.

मे महिन्यात 17 तारखेच्या आसपासच्या शनिवार-रविवारी वेस्टबीला सित्तेंदे माई असते. 17 मे 1814 ला नॉर्वेची राज्यघटना झाली, त्याचा हा सण. इथली कितीतरी घराणी नॉर्वेहून आलेली. मिरवणूक निघते, लहान मुली भरतकाम केलेल्या पोशाखात असतात. खुर्च्या सकाळीच रस्त्याच्या कडेला मांडून ठेवायच्या, कुणी हलवत नाही. मे ते ऑक्टोबर दर शनिवारी सकाळी व्हिरोक्वाला शेतकरी बाजार भरतो, तिथे आईंना जरूर न्या. भाजी निवडायला भाषा लागत नाही. पण लवकर जा, चांगला पाला आधी संपतो.

जूनमध्ये डेअरीवरच्या न्याहाऱ्या. दूध उत्पादनाचा महिना म्हणून विस्कॉन्सिनभर काउंटीकाउंटीत एखादा शेतकरी आपला गोठा उघडतो आणि शेकडो लोकांना पॅनकेक, अंडी, चीज, आईस्क्रीम खाऊ घालतो. मुलांना वासराच्या तोंडात बोट घालू द्या, ते कसं चोखतं बघतील. जूनच्या पहिल्या शनिवार-रविवारी राज्यात कुणालाही परवान्याशिवाय मासे धरता येतात. सोळाच्या आतल्या मुलांना तर परवाना कधीच लागत नाही. आपल्या दऱ्यांमध्ये ट्राउट माशांचे झरे आहेत, बर्फासारखं थंड पाणी. धरायचं नसेल तर नुसतं काठावर बसा.

आणि दरीतून जाताना टेकड्यांवर शेताचे वळणदार पट्टे दिसतील, एक मक्याचा, एक गवताचा. मुलांना दाखवा. पूर्वी इथली माती पावसाबरोबर ओढ्यात वाहून जायची. 1933 मध्ये कून व्हॅलीत देशातला पहिला पाणलोट प्रकल्प सुरू झाला आणि शेतकऱ्यांनी सरळ नांगरणी सोडून टेकडीच्या वळणानं नांगरायला सुरुवात केली. पाटणची मी, उतारावरची माती म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको.

आता लेफ्साचं सांगते, कारण आईंसाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं.

शरद ऋतूत इथल्या लुथरन चर्चमध्ये लुटेफिस्कची जेवणं असतात. लुटेफिस्क म्हणजे सुकवलेला मासा क्षारात भिजवून फुगवलेला. तो तुम्हाला आवडेलच असं नाही. पण त्याच्यासोबत लेफ्सा असतो आणि लेफ्सा म्हणजे सरळ बटाट्याची पोळी. उकडलेला बटाटा जाळीतून काढायचा, लोणी-साय घालायची, रात्रभर थंड करायचा, सकाळी पीठ मिसळून लाटायचा आणि मोठ्या गोल तव्यावर भाजायचा. जेवणाच्या आधी काही शनिवार चर्चच्या तळघरात बायका शेकड्यांनी लेफ्सा लाटतात.

2019 ला माझ्या सासूबाई इथे होत्या. शेजारच्या आजी मला न्यायला आल्या, तर सासूबाईही चपला घालून तयार. तिथे पोचल्यावर त्यांनी लाटणं हातात घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या लाटण्याला आडवे खाचे असतात. "याला दात कशाला गं?" मी विचारून सांगितलं की बटाट्याचं पीठ चिकटतं, खाचांमुळे कमी पिठात पातळ लाटता येतं. त्यांनी मान हलवली, गोळा घेतला, तळहातावर दाबला, कापड ताणलेल्या पाटावर ठेवला. पहिला कडेला फाटला. दुसरा कागदासारखा झाला, वर्तुळ असं की पलीकडच्या टेबलावरची बाई उठून बघायला आली. मग कुणीतरी त्यांच्या हातात ती लांब चपटी काठी दिली, लेफ्सा उचलायची. पोळीखाली काठी मधोमध सरकवायची, उचलायची आणि तव्यावर उलगडायची. सासूबाई चार वेळा चुकल्या, पाचव्यांदा जमलं. तेव्हा सगळ्या जणींनी टाळ्या वाजवल्या आणि सासूबाईंनी पदर सावरला. ऑक्टोबरभर त्या दर शनिवारी माझ्याआधी तयार असायच्या. एक इंग्रजी शब्द न बोलता त्यांच्या तिथे तीन मैत्रिणी झाल्या. आजही व्हिडिओ कॉलवर त्यांचा पहिला प्रश्न असतो, "तुमच्या त्या बटाटेवाल्या कशा आहेत?"

आई जूनमध्ये येऊन चार-पाच महिने राहणार म्हणजे लाटायचे शनिवार त्यांना मिळतील. परतीचं तिकीट काढलं नसेल तर ऑक्टोबरच्या अखेरचंच काढा.

आणखी एक जागा. ती कार्यक्रमात मोडत नाही, पण मी वर्षातून दोनदा तरी मुलांना तिथे नेते. ला फार्जच्या उत्तरेला किकापू व्हॅली रिझर्व्ह आहे, साडेआठ हजार एकरांच्या वर जंगल आणि दरी. तिथे धरण होणार होतं. शंभराहून जास्त कुटुंबांची शेतं आणि घरं सरकारनं घेतली, माणसं उठली, बांधकाम सुरू झालं आणि 1975 मध्ये काम थांबलं ते कायमचं. पाणी कधी आलंच नाही. आता ती जमीन राज्य आणि हो-चंक नेशन (इथली मूळनिवासी जमात) मिळून सांभाळतात. जुन्या 131 नंबरच्या रस्त्याच्या पट्ट्यावरून चालत जाता येतं, नदीत कनू (वल्ह्याची छोटी होडी) चालवता येते आणि धरणाचा काँक्रीटचा उंच मनोरा अजून कोरड्यात उभा आहे.

माझं आजोळ कोयनेच्या पाण्याखाली गेलं. आजी सांगायची, उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा दिसायचा. त्या मनोऱ्याखाली पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला काय वाटलं ते नवऱ्यालाही नीट सांगता आलं नाही. इथली घरं पाणी न येताच गेली. मुलीनं विचारलं, "मग ती माणसं परत का नाही आली?" त्यावर आम्ही दोन मैल बोलत चाललो. तुमची दहा वर्षांची आहे, तिला न्या.

गोदाकाठची

ताई, तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं आणि नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. लाटण्याचं आईला फोनवर सांगितलं, ती म्हणाली, "मी माझं पोळपाट आणू का?"

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. आम्ही शाकाहारी आहोत, अंडं चालतं. अशा जेवणांना गेल्यावर खायचं काय? दुसरं, चर्चमध्ये जायला मन जरा कचरतं, तिथे काही अपेक्षा असतात का? आणि तिसरं, मुलगी फार बुजरी आहे. एडिसनला निदान ओळखीच्या मैत्रिणी होत्या. इथे शाळेत ती अजून कुणाशी बोललेली नाही. शाळेतून एक 4-एचचा कागद आला होता, तो मी नीट न वाचताच ठेवून दिला. ते काय असतं?

वळणवाट

खाण्याचं आधी. पॅनकेकच्या न्याहारीला सॉसेज वेगळ्या भांड्यात असतं, नुसतं "नको" म्हणायचं. अंडी, पॅनकेक, सफरचंदाचा गर, दूध यावर पोट भरतं. पॉटलकला, म्हणजे सगळ्यांनी आपापला पदार्थ आणायच्या जेवणाला, मात्र नेहमी स्वतःचा पदार्थ न्या आणि भरपूर न्या, म्हणजे मुलांचं जेवण पक्कं. बेक्ड बीन्स शाकाहारी दिसतात, पण बहुधा त्यात डुकराचं मांस असतं. थरथरणाऱ्या रंगीत जेलीत जिलेटिन असतं. हिरव्या बीन्सच्या भाजीतही बेकन असू शकतं. विचारलं तर कुणाला राग येत नाही, उलट पुढच्या वेळी तुमच्यासाठी वेगळं काढून ठेवतात. मी जिरा-बटाटा नेते, डबा रिकामाच परत येतो.

चर्चचं. गेली सात वर्षं मी त्या तळघरात लाटायला जाते. देवाबद्दल मला कुणी काही विचारलं नाही. जेवणाआधी प्रार्थना होते तेव्हा मी हात जोडून उभी राहते. एकदा एका आजींनी विचारलं की तुम्ही जेवणाआधी काय म्हणता. सासूबाईंनी "वदनी कवळ घेता" म्हटलं, सगळ्या शांतपणे ऐकत होत्या. तुमचं मन मानत नसेल तर अग्निशमन दलाच्या न्याहारीपासून सुरुवात करा. इथल्या गावांमधली ही दलं बहुतेक स्वयंसेवकांची असतात, पॅनकेकच्या पैशातून सामान घेतात. तिथे कढई धुवायला माणूस कायम कमी असतो.

आता 4-एच. तो कागद शोधून काढा. हे मी कळकळीनं सांगतेय.

1914 च्या एका कायद्यानं विद्यापीठांचं शेती आणि घरगुती शास्त्र गावागावात पोचवायची सोय झाली, त्याला एक्स्टेन्शन म्हणतात. 4-एच हा त्याचाच मुलांचा भाग. प्रत्येक काउंटीत त्यांचं ऑफिस आहे. डोकं, हृदय, हात आणि आरोग्य यांच्या इंग्रजी शब्दांची चार आद्याक्षरं, म्हणून ते नाव. मुलं क्लबात जातात, वर्षभर एक काम घेतात, म्हणजे वासरू, ससा, शिवण, फोटो, केक, रॉकेट, काहीही, आणि जत्रेत मांडतात. तुमच्या धाकट्यासाठीही छोट्यांचा गट आहे. त्यांचं वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं, त्यामुळे या जत्रेत मांडायची मुदत गेली असेल तर नवल नाही. तरी नाव आताच घाला, सभांना जाता येईल.

माझी मुलगीही बुजरी होती. तिसरीत होती तेव्हा वर्गशिक्षिका म्हणाल्या होत्या, हिचा आवाज मी अजून ऐकलेला नाही. तिला आम्ही कोंबड्या घेऊन दिल्या. मोठी जनावरं मुद्दाम टाळली, कारण मांसासाठी वाढवलेलं डुक्कर किंवा कोकरू जत्रेच्या शेवटी लिलावात जातं. ज्या मुलानं सहा महिने त्याला रोज चारा घातला तोच दोरी धरून रिंगणात उभा असतो. मी मुलांना तिथे रडताना बघितलंय आणि त्यांच्या बापांनाही. त्यात वाईट काही नाही, ही शेतकऱ्यांची घरं आहेत. पण आमच्या घरात ते पेललं नसतं. अंड्यांच्या कोंबड्या घरी परत येतात.

जत्रेच्या दोन दिवस आधी कोंबडी धुवायची असते. अंगणात तीन टब, पहिल्यात भांडी धुण्याचा साबण, पुढच्या दोन्हींत साधं कोमट पाणी. पहिल्या वर्षी मला वाटलं की ही कोंबडी आता घर डोक्यावर घेणार. लेकीनं तिचे पंख दोन्ही हातांनी अंगाशी धरले आणि हळूहळू पाण्यात सोडली. कोमट पाणी मानेपर्यंत आलं तशी कोंबडीनं डोळे मिटले. खरंच मिटले. लेक तिच्या पिसांतून, पिसं वाढतात त्याच दिशेनं, बोटं फिरवत होती आणि तिच्याशी सलग, न थांबता बोलत होती. पाय जुन्या टूथब्रशनं घासले, नखांतली घाण काढली. मग टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन बसली आणि मंद हवेवर ड्रायर धरला. वाळल्यावर तुऱ्याला जरासं व्हॅसलीन.

जत्रेत पांढरा कोट घातलेल्या परीक्षकांपुढे मुलं कोंबडी कडेवर घेऊन ओळीनं उभी राहतात. पंख उघडून दाखवायचा, पोटाखालची पिसं फुंकर मारून त्वचा दाखवायची, बोटं मोजायची, जात सांगायची, खाद्य काय घालतेस ते सांगायचं. लेकीची पाळी आली तेव्हा मी बाकाची कड घट्ट धरली होती. परीक्षकांनी विचारलं, "ही अंडी देत नाही हे कशावरून ओळखशील?" आणि ज्या मुलीचा आवाज बाईंनी ऐकला नव्हता ती म्हणाली, "मी तिच्या कमरेची हाडं एकमेकांपासून किती लांब आहेत ते बोटांनी बघते. दोन बोटं मावली तर देतेय. मावली नाहीत तर नाही." त्यांनी तिच्या बोटांकडे बघितलं आणि विचारलं, "तुझी बोटं की माझी?" ती विचारात पडली, मग म्हणाली, "ज्याची कोंबडी त्याची."

लाल फीत मिळाली. इथे चार फिती असतात: निळी, लाल, पांढरी, गुलाबी. प्रत्येक मूल एका ठरलेल्या मापाशी तोललं जातं, त्यामुळे निळ्या कितीही जणांना मिळू शकतात आणि फीत न घेता कुणी घरी जात नाही. ती आता चौदाची आहे आणि छोट्या मुलांना कोंबड्या धुवायला तीच शिकवते.

टेकडीपार

या भागातच वाढलो, सध्या मॅडिसनला शिकतो. मुलाच्या बाजूनं थोडं लिहितो.

आई-बाबा आम्हाला दर शनिवारी दोन-अडीच तास गाडीनं मराठी मुलांमध्ये न्यायचे. त्यांची माया कळते. त्यामुळेच आज मला देवनागरी लिहिता येते. पण सोमवारी शाळेत सगळे शनिवारबद्दल बोलायचे आणि मी त्यातल्या कशातच नसायचो. महिन्यातून एक शनिवार लांब जा, बाकीचे इथे राहा, असं मला वाटतं.

जागा सांगायच्या तर एल्रॉय-स्पार्टा ट्रेल, शेजारच्या काउंटीत. जुन्या रेल्वेमार्गाचा सायकलरस्ता, 1967 पासूनचा, 32 मैल, तीन बोगदे. नॉर्वॉकचा बोगदा जवळजवळ पाऊण मैल आहे. आत मिट्ट काळोख, छतातून पाणी ठिबकतं, भर जुलैत दात वाजतात. सायकल हातात धरून चालावं लागतं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा विजेरी घरी राहिली. बाबांनी माझा खांदा धरला, मी ताईचा, आणि तिनं सगळी वाट पाढे म्हटले. आमच्या घरात ते अजून निघतं. विजेरी न्या, अंगात घालायला काहीतरी न्या आणि बोगदे उघडे आहेत का ते आधी बघा. थंडीत त्यांची दारं लावून घेतात.

हिल्सबरोच्या बाजूला गोल गोठे बघा. त्यातले पंधराएक अल्गा शिव्हर्स या कृष्णवर्णीय सुतारानं बांधलेले. त्याचे वडील गुलामीतून सुटून आलेले आणि शायेन व्हॅलीत काळ्या-गोऱ्या शेतकऱ्यांची एकत्र वस्ती होती. मधोमध सायलो (चाऱ्याची उंच कोठी) आणि गायींची तोंडं आतल्या बाजूला, त्यामुळे चारा घालणाऱ्याला एक फेरी मारली की झालं. गोठे खासगी आहेत, रस्त्यावरूनच बघायचे. अमिश लोकांकडे ब्रेड किंवा रोपं घ्यायला शनिवारी जा, रविवारी ते काही विकत नाहीत. त्यांचे फोटो काढू नका.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचे नऊ दिवस सुरू होतात. त्या दिवसांत रानात फिरायचं असेल तर सगळ्यांनी भडक नारिंगी घाला. 2016 पासून भडक गुलाबीही चालतो. उन्हाळ्यात गवतातून आल्यावर मुलांचं अंग गोचिडीसाठी तपासा, गुडघ्यामागे आणि केसांत विशेष.

गोदाकाठची

सगळ्यांना कळवते. काल एका गावच्या अग्निशमन केंद्रात न्याहारी होती. फलक आम्हाला पशुखाद्याच्या दुकानात दिसला, आयोवातल्या ताईंनी सांगितलं तिथेच.

ताई, तुम्ही म्हणालात तसं मी आत गेल्या गेल्या विचारलं, "काही काम आहे का?" तिथल्या बाईंनी काही न विचारता माझ्या हातात ॲप्रन दिला. नवरा खुर्च्या लावायला गेला. मुलगा बंबात चढला आणि तासभर खाली आलाच नाही. मुलीला त्यांनी सरबताच्या टेबलावर उभं केलं. तिच्याच वर्गातली एक मुलगी दुसऱ्या टोकाला ग्लास भरत होती. दोघी पहिला अर्धा तास नुसत्या ग्लास भरत होत्या. मग माझ्या कानावर आलं की ती मुलगी आपल्या बकरीबद्दल सांगतेय आणि आमची विचारतेय, "ती तुला ओळखते?"

घरी येताना गाडीत तिनं विचारलं, आपल्याला कोंबड्या पाळता येतील का. 4-एचचा कागद सापडला, सोमवारी ऑफिसला फोन करते. घरमालकांनी सहा कोंबड्यांपर्यंत हो म्हटलंय. ताई, पिल्लं कुठे मिळतात आणि सुरुवातीला काय काय लागतं?

वळणवाट

त्याच पशुखाद्याच्या दुकानात एप्रिलमध्ये पिल्लं येतात. चांगल्या जाती पहिल्या तासात जातात. पिल्लांना पहिला आठवडा 95 फॅरनहाइट ऊब लागते, मग दर आठवड्याला पाच अंशांनी कमी करत जायची. उबेसाठी लावलेला दिवा जास्त झाला तर पिल्लं लांब पळतात, कमी पडला तर खाली गोळा होतात. थर्मामीटरच्या काट्यापेक्षा त्यांच्याकडे बघा. पाण्याच्या भांड्यात गोट्या टाका म्हणजे बुडणार नाहीत. पहिल्या दिवशी प्रत्येकीची चोच एकदा पाण्यात बुडवावी लागते, तेव्हा त्यांना पाणी कळतं. ते मुलीला करू द्या. जत्रेत मांडायच्या आधी कोंबड्यांची रोगाची तपासणी लागते, ते पुढच्या वर्षी बघू, माझी लेक सांगेल.

येत्या शनिवारी आठला मी दुकानाच्या दारात आहे, लेकही असेल. उंच कडांचा खोका घेऊन या, तळाशी जुना टॉवेल घाला. वर्तमानपत्र घालू नका, त्यावरून पिल्लांचे पाय घसरतात.